सगळ्यांची भीती वजा जाता

माणसं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात, मुलाबाळांची करतात, गाईगुरांचीही करतात. पण आयुष्यभर हवेची चौकशी करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासूबाईंचा धाकटा भाऊ निघाला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. राहायला कल्याणला, कामाला मिठागरांवर कारकून, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ठाण्याला बहिणीकडे फेरी. दारात आले की आधी वहाणा काढायचे नाहीत. आधी थांबायचे, डोळे मिटायचे, मान वर करून नाकानं दोनदा हवा ओढायचे आणि मग जाहीर करायचे, "अक्का, आज तुझ्याकडे खाडी आलीय." कधी खाडीऐवजी डोंगर आलेला असे. सासूबाई आतूनच म्हणायच्या, "आली असेल तर तिलाही पाय धुवायला सांग, आणि तूही धू."

त्यांच्याजवळ एक लांबट वही असे, आणि भेटेल त्याला विचारून ते तिच्यात वारे लिहून ठेवीत. हवा सगळीकडे एकच असते, पण जो तो ती आपल्या परीनं घेतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा ओसरीवर बसून ते सासूबाईंना सांगत होते, "साहेबाकडे दोनच हवा आहेत अक्का, चांगली आणि वाईट. चांगली ती सगळी विलायतेत. वैद्यबुवांची हवा बाहेर नसतेच, ती माणसाच्या सांध्यांत. आणि मिठागरावरच्या आगऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, मीठ पिकवतो तो वारा, बाकीचे नुसते येणारे-जाणारे." सासूबाईंनी विचारलं, "आणि तुझी हवा कुठे असते?" तर म्हणाले, "माझी अजून सापडायची आहे." एका मुंजीत तर होमाचा धूर कुठे वळतो ते बघायला हे गृहस्थ भटजी मंत्र म्हणत असताना मांडवात तीन फेऱ्या घालून आले. हाही विधीच असेल असं समजून दोन म्हाताऱ्या पदर सावरून त्यांच्यामागून फिरल्या, आणि तिसऱ्या फेरीला बटूची आजीही निघाली होती, तिला लोकांनी धरून बसवलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची, देशावरून आलेली आणि सर्वज्ञ होते. जगात हवा म्हणून जी काही आहे ती आमच्या गावी, कोरडी आणि खणखणीत. ठाण्याला मिळते ती पिळून वाळत घालावी लागते, असं मी धाकट्या नणंदेला शिकवून ठेवलं होतं. मामांसमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ते तिच्यामार्फत विचारायचे, "तुझ्या वहिनीला विचार गं, त्यांच्याकडे वाऱ्यांना काय काय म्हणतात?" मी दाराआडून निरोप पाठवला, "दुपारी गोठ्यातून निघून स्वयंपाकघरात शिरतो, त्याला आमच्याकडे ढोम्या म्हणतात." इकडे मला हसू आवरेना, तिकडे मामांनी लिहून घेतलं. "कोणत्या महिन्यात सुटतो?" मी सांगितलं, "पाहुणे येतात त्या महिन्यात." तेही लिहून घेतलं. आम्ही दोघी कणगीमागे तोंडात पदर कोंबून इतक्या हसलो की सासूबाईंना वाटलं मांजर व्यायलंय.

त्याच वर्षी पौषात मला मुलगी झाली. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बाळंतिणीची खोली म्हणजे काय ते हल्लीच्या पोरींना सांगून खरं वाटायचं नाही. दार बंद, एकुलती एक खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, आणि शेगडीवर ओवा-शेपांची सतत धुरी. वारा लागू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. त्यातूनही खिडकीच्या फळ्यांमध्ये एक बोटभर फट राहिली होती. तिच्यात चिंधी कोंबून ती बंद कुणी केली असेल? सासूबाईंनी नाही, सुइणीनंही नाही. मी केली. ठाण्याची ओली हवा देशावरच्या लेकीच्या लेकीला बाधेल म्हणून स्वतः उठून केली, आणि वर सुइणीला सांगितलं, "आता कसं, घरासारखं वाटतंय."

आठव्या दिवशी मुलीनं अंगावर पिणं सोडलं. नववा दिवस उजाडेपर्यंत ओठ जांभळे दिसू लागले, आणि श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. सुईण म्हणाली, कुठून तरी वारा शिरलाय. म्हणून धुरी वाढवली. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. माझेही डोळे चुरचुरत होते आणि त्या चिंधीकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

मामा त्या दिवशी आले. सोयराच्या खोलीत पुरुषांनी जायचं नाही, म्हणून बाहेरच उभे राहिले. दाराच्या फटीशी नाक नेलं आणि म्हणाले, "अक्का, आत हवा नाहीये."

"नसू दे. तीच तर नकोय."

"पोरगी धुरानं घुसमटतेय. खिडकी उघड."

"तुझ्या वहीसाठी माझी नात देऊ?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "माझी दोन गेली, तुला ठाऊक आहे. वारा लागूनच गेली."

ते ठाऊक असल्यानंच की काय, मामा भांडले नाहीत. म्हणाले, "बरं, कोणत्या वाऱ्याला भितेस तेवढं सांग." सासूबाई म्हणाल्या, "दक्षिणेच्या. आणि रात्रीच्या." मामांनी लिहून घेतलं आणि वहाणा घालून चालते झाले.

मग त्या माणसानं दिवसभर जे केलं ते मला नंतर नणंदेनं सांगितलं, कारण ती त्यांच्यामागून हिंडली होती. आधी वैद्यबुवा. ते म्हणाले, पूर्वेचा वारा वाईट. दवाखान्यातला गोरा डॉक्टर म्हणाला, खाडीवरचं धुकं वाईट, ते विरेपर्यंत खिडकी उघडू नका. मिठागरावरच्या आगऱ्यानं सांगितलं, ऊन डोक्यावर आलं की पोराला वाऱ्यात काढायचं नाही, ती वेळ बरी नाही. ठाण्याला माल घेऊन आलेले बंदरातले मुसलमान व्यापारी म्हणाले, "आमची अम्मा दिवेलागणीला लेकरांना घरात घेते, त्या वेळी हवेत नको ते फिरतं." शेवटी खाडीकाठची क्रिस्तांव कोळीण. तिनं टोपली उतरवली आणि म्हणाली, "अवो मामा, ओहोटीचा वारा तेवढा नको. चिखल उघडा पडतो, त्याचा वास पोराच्या छातीत बसतो. बाकी वाऱ्यानं कधी कोनाचं पोर मेलं? कोंडून मरतान ती."

दिवेलागणीला मामा परत आले आणि दाराबाहेर बसून त्यांनी बहिणीला वाचून दाखवलं. कुणाची भीती पूर्वेची, कुणाची दक्षिणेची. खिडकी उत्तरेला आहे. रात्र वगळली, धुकं वगळलं, दुपार वगळली, संध्याकाळ वगळली. उद्या सकाळी भरती आहे. "सगळ्यांची भीती वजा जाता," मामा म्हणाले, "धुकं विरल्यापासून तुळशीच्या कट्ट्यावर ऊन येईपर्यंतचा वारा उरतो अक्का. त्याच्याविरुद्ध ठाण्यात कुणाची तक्रार नाही. वैद्याची नाही, साहेबाची नाही, मुसलमानाची नाही, कोळणीची नाही. तुझी असेल तर आत्ताच सांग."

सासूबाईंनी शेगडीवरचा ओवा चिमट्यानं बाजूला काढला. मग म्हणाल्या, "तोपर्यंत धुरी बंद ठेवते. पण ऊन कट्ट्यावर आलं की मी स्वतः खिडकी लावणार."

सकाळी चिंधी मीच ओढून काढली. फळ्या उघडल्या तशी हवा आत आली, आणि तिला काय नाव द्यावं ते मला सुचलं नाही. थंड होती एवढंच. मुलगी आधी शिंकली, मग खोकली, मग टाहो फोडून इतकी रडली की ओठांचा रंग रडता रडताच पालटला. आणि थोड्या वेळानं मुकाट प्यायला लागली. अंगणात मामा पाठमोरे उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" नणंद न्हात होती, सासूबाई डोळे पुसत होत्या, सांगायला कुणी नव्हतं. तेव्हा मीच जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हटलं, "पितेय."

बारशाला आले तेव्हा मी धीर करून ढोम्याबद्दल कबूल केलं. तर म्हणाले, "असा वारा नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, सूनबाई. पण तुला या घरात हसताना पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून पुढचंही विचारलं." शहाणी मी, आणि फसवलेलं त्यांना. हं.

पुढे माझी आणखी तीन बाळंतपणं त्याच खोलीत झाली, आणि ती खिडकी रोज सकाळी उघडायचा घराला नेमच पडला. पण सासूबाई शब्दाच्या पक्क्या. ऊन कट्ट्यावर आलं की हातातलं काम टाकून यायच्या आणि फळ्या लावायच्या. बारा वर्षांत एक दिवस चुकल्या नाहीत.

मामा गेले ते कल्याणला, अंथरुणाला न खिळता. सासूबाई चौदावा करून परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी खिडकी उघडली आणि माझी थोरली, तीच ती, तिथे वेणी घालत बसली. ऊन कट्ट्यावर आलं. सासूबाई आल्या, फळीला हात लावला, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग हात काढून घेतला आणि नातीशेजारी बसल्या. म्हणाल्या, "असू दे आज. येऊ दे."