पळसदेवची कॉफी

लग्नानंतर बंगळूरला निघाले, तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर आईनं पिशवीत चहापत्तीचा पुडा कोंबला. "तितं समदी कॉफीच पित्यात म्हणं. तू आपला चहा सोडू नगंस." वर्षभरात सोडला. आईला कळवलं नाही.

पुढं नोकरीत फिरती आली आणि प्रत्येक गावात चांगली कॉफी शोधायची सवय लागली. माझी पारख सोपी आहे: उशांचे सोफे दिसले की पुढं जायचं, उभ्यानं पिणारी माणसं दिसली की थांबायचं. हुबळी, कोईमतूर, विजयवाडा, सगळीकडं माझी ठिकाणं ठरलेली. फक्त माहेरच्या वाटेवर एकही नव्हतं. बाहेर पडलेल्यांना हे कळेल. गावी राहिलेल्यांना ही थेरं वाटतील. वाटू देत.

यंदा पुण्याहून माहेरी, निरवांगीला जाताना पळसदेवजवळ एक नवं दुकान दिसलं. समोर उजनीचं पाणी, आत उशांचे सोफे. तरी थांबले. कॉफी उत्तम निघाली, चिकमंगळूरची. खूश होऊन इकडंतिकडं पाहिलं, तर कोपऱ्यात तांब्याची घागर. तिला चकचकीत रोगण लावलेलं आणि आत वाळकं गवत खोचलेलं. गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांत नाव: 'चि. सौ. कां. चंद्रभागा हिस मामाकडून, मु. कळस.'

चंद्रभागा माझी आई. ती गेल्यावर जमिनीवरचा हक्क मी न कुरकुरता सोडला. धाकट्या भावाला, संपतला, एवढंच म्हणाले होते, की आईची घागर माझी, पण ती इथंच राहू दे. माहेरात माझं म्हणून काहीतरी असावं.

तिथूनच फोन लावला.

"संपत, आईची घागर कुठं हाय रं?"

"माळ्यावर हाय की, आक्का."

"नीट हाय ना?"

"म्हंजे काय! सुमन दर दिवाळीला चिंच लावून घासती. तू ये तर, चहा टाकाय सांगतो."

"आधी ती खाली काढून ठेव. मग येते."

"तू हायंस कुठं?"

"पळसदेवला. घागरीसमोर."

"आक्का, त्ये दुकानवालं लईच मागं लागलं गं. आन तू तर कॉफीवाली झालीस, तुला कशाला लागती म्हणलं घागर?"

विकली याचं वाईट वाटलंच; पण विकून वर ती दर दिवाळीला चिंच लावून घासतात असं सांगितलं, ते जास्त लागलं. माझ्याशी तो इतकं सहज खोटं बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

दुकानातल्या मुलीनं सगळं ऐकलं होतं. "ताई, तुमची असंल तर न्या." मी नको म्हटलं. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये तरी तिच्यात गवतच खोचलं असतं. इथं निदान नाव उजेडात होतं आणि तिच्याबद्दल मला कुणी थापा मारत नव्हतं.

त्या दिवशी निरवांगीला गेले. चहा प्यायले, भाच्यांना खाऊ दिला. भावजयीनं, सुमननं विचारलं, "वन्सं, ऱ्हाताय न्हवं?" म्हटलं, "न्हाय गं, बारामतीत लॉज घेतलाय." संपत तेवढ्यात मोटर बघायला विहिरीवर गेला.

आता जाते ती आधी कळवून, पाहुण्यासारखी. कुणी घर कुठलं विचारलं, तर बंगळूरचा पत्ता सांगते. पूर्वी त्यापुढं 'पण मूळचे आम्ही...' असं जोडायचे. आता पिनकोड सांगून थांबते.