साडूंचा ज्वालामुखी

या जगात काय काय बिघडू शकतं, याचा माझ्या साडूंइतका बारकाईने विचार हे जग घडवणाऱ्यानेही केला नसेल. केला असता तर त्याने ते घडवलंच नसतं. साडूंची सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत, सामानाच्या कोठारात गेली. तिथे प्रत्येक वस्तूला एक राखीव वस्तू असायची आणि त्या राखीवलाही एक राखीव. निवृत्त झाल्यावर ते अख्खं कोठार त्यांनी डोक्यात भरून तळेगावला घरी आणलं आणि लोकांच्या प्रवासाच्या कामी लावलं. आमच्याकडे कुणी काशीला निघो की कॅनडाला, आधी साडूंकडे एक फेरी व्हायचीच. ते चहा पाजायचे आणि घाबरवायचे. "तिकीट रद्द करता येणारंच काढा. विम्याच्या कागदाचं शेवटचं पान आधी वाचा, पहिल्या पानावर नुसते हसरे म्हातारे असतात. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि उतरल्या दिवशी काहीही ठरवू नका. त्या दिवशी फक्त पोचायचं." सल्ला अचूक असायचा. तो ऐकून निम्मे लोक घरीच राहायचे, हा भाग वेगळा.

त्यांचा सर्वात लाडका नियम बॅगांचा. नवरा-बायकोने आपापली बॅग भरायचीच नाही. दोन्ही बॅगांत दोघांचे निम्मे निम्मे कपडे, आणि दोन्हींचं वजन सारखं. "एक हरवली तरी कुणाचं अडत नाही," असं म्हणत ते वजनकाट्यावर बॅगा पुन्हा चढवायचे, चार मोजे इकडचे तिकडे करायचे. एकदा श्रावणातल्या रविवारी आम्ही दोन्ही जोडपी लोणावळ्याला भजी खायला निघालो. लोकलने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, तर हे दोन बॅगा घेऊन फलाटावर हजर. मी चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "साडूभाऊ, भजी खायची की बिऱ्हाड करायचं?" त्यांनी बॅगा डब्यात चढवल्या. संध्याकाळी रुळांवर पाणी आलं, गाड्या थांबल्या, रस्ताही तुंबला, आणि लोणावळ्यात एका ओळखीच्यांच्या घरी मी साडूंचा लेंगा घालून बसलो होतो. घोट्याच्या वर चार बोटं येत होता. "बसतोय ना नीट?" त्यांनी विचारलं. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

अशा माणसाच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, बघायचा होता ज्वालामुखी.

ताईंनी तीस वर्षं पवन मावळातल्या शाळेत भूगोल शिकवला. वर्गाच्या खिडकीतून तिकोणा दिसायचा. त्याच्याकडे बोट दाखवून त्या सांगायच्या, "हा आपला डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. हे सगळं एकेकाळी वाहत होतं." डोंगराच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेचा संतोष एकदा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, वाहताना कसा दिसतो वो? तुमी पाह्यलाय का?" ताई म्हणाल्या, "नाही रे. पुस्तकात लाल दाखवतात." वर्ग पुढच्या धड्यावर गेला, ताई मात्र तिथेच थांबल्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आल्या आणि साडूंना म्हणाल्या, "मला एकदा वाहता लाव्हा बघायचाय. तेवढं न्या. बाकी काही मागणार नाही."

लोणावळ्याला दोन बॅगा नेणाऱ्या माणसाने ज्वालामुखीची सहल आखायची होती. साडूंनी फाइल उघडली. योजना अ: सिसिली बेट, इटली, तिथला एटना पर्वत. योजना ब: परदेश बंद पडल्यास अंदमानातलं बॅरन बेट, बोटीतून लांबून दिसेल तेवढं. योजना क: काहीच न जमल्यास तिकोणा पेठ. "हा क कशाला?" मी विचारलं. "राखीवला राखीव." मग तालीम झाली. दोघं पूर्ण सामानासह घोरावाडी स्टेशनपर्यंत चालत गेली, विमानतळावर बसावं लागतं म्हणून तीन तास बाकावर बसली आणि परत आली. ताईंनी साडीवर नवे पांढरे बूट घातले होते. शेजारच्या दूधवाल्याने विचारलं, "कुटं निघालाय?" साडू म्हणाले, "इटलीला." दूधवाला रुळांकडे बघत म्हणाला, "मग मागच्या डब्यात बसा. तितं गर्दी नसती." हे सांगताना ताईंच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं.

पहिल्या वर्षी साथ आली आणि सगळं जग दाराला कडी लावून बसलं. पुढच्या खेपेला कुठे युद्ध पेटलं, विमानांचे मार्ग बदलले, आणि साडूंनी बैठकीच्या भिंतीवर नकाशा लावून त्यावर लाल दोरे ताणले. तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं. व्हिसा हातात, बॅगा भरलेल्या, आणि निघायच्या आठवडाभर आधी एटना भडकला. साडूंनी त्याच दुपारी तिकिटं रद्द केली. "जरा शांत होऊ दे," ते म्हणाले, "मग जाऊ."

"अहो," ताई म्हणाल्या, "शांत झाल्यावर काय बघायचं?"

आम्ही पोट धरून हसलो. मी तर हा किस्सा नंतर बारशांत, साखरपुड्यांत, दोघांच्या आवाजांच्या नकलांसह सांगितला आणि टाळ्या घेतल्या. त्या दिवशी ताईही हसल्या होत्या. किती हसल्या, ते मात्र मी नीट पाहिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर त्यांना धाप लागायला लागली. हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, विमान नको, बोट नको, चढ तर नकोच. साडू फाइल मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचे आणि पानं उलटायचे, जणू कुठल्यातरी पानावर याचाही तोडगा त्यांनी लिहून ठेवला असावा. एके दिवशी ताईच म्हणाल्या, "अहो, तो क काढा."

मार्गशीर्षात माझ्या गाडीतून आम्ही तिकोणा पेठेला गेलो. दोन्ही बॅगा अर्थातच डिकीत होत्या. संतोषला निरोप दिला होता. चाळिशीचा, कपाळावर टक्कल पडू लागलेला बाप्या, तळेगावजवळच्या एका फाउंड्रीत कामाला, त्या दिवशी सुट्टीवर. ताईंना त्याने हाताला धरून अंगणातल्या खुर्चीत बसवलं, पाया पडला आणि विचारलं, "बाई, मग पाह्यला का?"

त्याच्या लक्षात होतं. साडू आपल्या बुटांकडे बघत राहिले. "नाही रे पाहिला," ताई म्हणाल्या.

संतोषने खिशातून मोबाइल काढला. "दगड न्हाई बाई, पण लोखंड हाय. आमच्या भट्टीचं." पडद्यावर मोठ्या पात्रातून लोखंडाचा रस साच्यात पडत होता. ताईंनी चष्मा पुसला आणि ते तीनदा पाहिलं. "वरून काळी साय धरते बघ," त्या म्हणाल्या, "आत मात्र वाहतंच असतं. लाव्ह्याचं असंच होतं. मी शिकवलं होतं तुम्हाला."

"व्हय की. म्हणून तर पयल्या दिवशी भट्टीवर समदी भ्याली, मी न्हाई भ्यालो."

निघताना ताईंनी अंगणाच्या कडेच्या काळ्या कातळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "गार आहे," म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

फाल्गुनात त्या गेल्या. महिन्याभराने माझी बायको बहिणीच्या साड्या आवरायला गेली. कपाट झालं, मग पलंगाखालच्या बॅगा निघाल्या. एक उघडली तर ताईंच्या दोन साड्या, साडूंचे दोन सदरे. दुसरी उघडली तर तेच. कुठली बॅग कुणाची म्हणायची? बायकोने साड्यांना हात लावला तसे साडू दारातून म्हणाले, "राहू दे. काढलं तर वजन बिघडेल."

परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. सिसिलीचं तिकीट काढलं होतं, एकच. मी सवयीने विचारलं, "रद्द करता येणारं ना?"

"नाही."

"विमा?"

"काढलाय. शेवटचं पान वाचलं नाही."

मी घाबरलो. आयुष्यभर त्यांची टिंगल केली, पण ते सावध आहेत म्हणून मी निर्धास्त होतो, हे मला त्यांच्यासमोर बसल्यावर कळलं. सकाळीच बातम्यांत पाहिलं होतं, एटना पुन्हा धुमसतोय. मी म्हणालो, "साडूभाऊ, थोडं थांबा की. जरा शांत होऊ द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"शांत झाल्यावर काय बघायचं?" ते म्हणाले.

हे वाक्य मी शेकडो वेळा नकलेत म्हटलं होतं. मला तेव्हा हसू आलं नाही. मग ते उठले, वजनकाटा ओढून घेतला आणि बॅगा एकेक करून त्यावर चढवल्या. आकडा मला वाचायला सांगितला. दोन्हींचं वजन अजून सारखंच होतं.