लोटूची सव्वा मूठ

सुंदराबाईंचा लोटू छत्तीस वर्षांचा आहे, पण सुरतेच्या डिंडोलीतली सगळी भावकी त्याच्याबद्दल बोलते ती पाळण्यातल्या पोरासारखी. आणि तेही त्याच्यासमोर! "जेवला का गं लोटू?" असं सुंदराबाईंना विचारतात. लोटू तिथेच बसलेला असतो. त्याला तोंड आहे, कान आहेत, भूक आहे, पण विचारायचं मात्र आईला. सुंदराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि तरी त्या "जेवला" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

लोटू उधन्याच्या एका साड्यांच्या कारखान्यात ताके तपासतो. कापड टेबलावरून सरकत जातं आणि हा त्यावरून बोटं फिरवतो. कुठे तार तुटलेली असली की म्हणतो, "तार राह्यनी," म्हणजे राहून गेली. बस, एवढंच. दिवसभरात दुसरं बोलणं नाही. पहिल्या महिन्यात त्याने दोनदा कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड केलं, तेव्हा शेठने त्याचं टेबल मशीनपासून उचलून खिडकीपाशी नेलं. शेजारच्या टेबलावरच्या नूतनने आपणहून शोधून काढलं की लोटूशी बोलायच्या आधी टेबलावर दोन टिचक्या मारल्या की तो दचकत नाही. तेव्हापासून सगळा कारखाना टिचक्या मारतो. ना नात्याची, ना गोत्याची माणसं, पण त्यांना महिन्याभरात जमलं. आणि ज्यांच्या अंगाखांद्यावर तो वाढला, त्यांना छत्तीस वर्षांत दोन टिचक्या सुचल्या नाहीत.

पाच वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'ऑटिझम' लिहून दिलं. सुंदराबाईंनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि धाकटे दीर सुपडू यांना सांगितलं. सुपडूभाऊ म्हणाले, "नाव इंग्रजी शे, पन येडा तो येडाच ना!" आणि हसले. त्या हसण्याचा हिशेब सुंदराबाईंच्या मनात तसाच राहिला.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. खानदेश सोडून सुरतेत आले तरी तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट काही सुटले नाहीत. आदल्या दिवशी घरातला कर्ता टोपलीत गहू मोजतो, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नाव मोठ्याने घ्यायचं आणि मूठ टाकायची. बायांची मूठ नसते. रोट थापायचे त्यांनी, भाजायचे त्यांनी, चुलीपाशी डोळे लाल करायचे त्यांनी, पण मूठ नाही. ते सुंदराबाईंनी कधीच सोडून दिलं होतं. त्यांचे यजमान छगनराव होते तोवर मूठ ते टाकत, आणि सुपडूभाऊंच्या तिघा मुलांतल्या थोरल्या 'गोपाल'नंतर 'लोटू' हे नाव मुद्दाम जरा जास्तच मोठ्याने घेत.

छगनराव गेले. या वर्षी टोपली सुपडूभाऊंच्या हातात आली.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी सुंदराबाई लोटूला घेऊन सुपडूभाऊंच्या घरी पोचल्या, तर दारातच त्यांनी गाठलं. "वैनी, उद्या आपली हर्षदाले देखाले पाव्हना येतीन. लोटूले घरमाच ठेवा. उगाच काही करी बसना तर पोरीनं जमस ते मोडी जाई."

हर्षदा म्हणजे त्यांची मुलगी. सुंदराबाईंनी तिला न्हाऊ घातलं होतं, आणि लोटूने तिच्या शाळेच्या वह्यांना सात वर्षं कव्हरं घालून दिली होती, एकही कोपरा न दुमडता. पोरीचं लग्न आहे, म्हटलं, गिळून घ्यावं. लोटू उंबऱ्याजवळच्या त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसला.

सुपडूभाऊंनी पोतं सोडलं, टोपली पुढे ओढली. "सुपडू." सव्वा मूठ. "गोपाल." सव्वा मूठ. "प्रशांत."

"लोटू राह्यना," उंबऱ्याजवळून आवाज आला. रागाचा नाही, रुसव्याचा नाही. कारखान्यात तुटलेली तार दाखवतो, अगदी तोच आवाज.

सुपडूभाऊंनी मान वर केली नाही. प्रशांतची मूठ पडली. चेतनची पडली. मग चेतनच्या तीन महिन्यांच्या बाळाची पडली, कौतुकाने, चार दाणे जास्तच. बाळाचं अजून बारसंही नव्हतं झालं. 'चेतनना पोऱ्या' म्हणून मूठ टाकली.

"लोटू राह्यना," तो पुन्हा म्हणाला.

आता मात्र सुंदराबाईंना राहवलं नाही. "सुपडूभाऊ, ज्या पोऱ्याले मान धरता येत नही त्यानी मूठ पडनी, नि मन्हा छत्तीस वरीसना पोऱ्यानी का नही?"

"त्याले काय समजस, वैनी? रोट खाई तो, खावा दे ना. खावाले कोन नही म्हनस? पन मोजामा कशाले?"

खायला हवा तेवढा, मोजायला नाही! कुत्र्याला भाकरी टाकतात, ती याच हिशेबाने. सुंदराबाईंच्या ओठावर ते आलंही होतं. पण तेवढ्यात लोटू उठला.

तो पोत्यापाशी गेला. मूठ भरली, वरची पातळी अंगठ्याने सारखी केली आणि टोपलीवर धरून म्हणाला, "लोटू." गहू पडले. मग पुन्हा हात घातला आणि वरचा पाव तळहातावर नीट जोखून टाकला. बापाने टाकायची तशीच, तेवढीच.

"अरे, हे काय करं!" सुपडूभाऊ ओरडले. लोटूने दोन्ही कान झाकले.

सुंदराबाईंनी टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि दिराच्या मांडीवर ठेवली. "काढा आते. त्याना दाना कोनता ते येची येची काढा. सापडनात का त्याले उद्या घरमा ठेवसु."

टोपलीत सगळे गहू सारखेच होते. सुपडूभाऊंनी हात पुढे केला, मग मागे घेतला. स्वयंपाकघराच्या दारातून हर्षदा आली, लोटूजवळ वाकली आणि फरशीवर बोटाने दोन टिचक्या मारल्या. तिला ते कोणी शिकवलं होतं, देव जाणे. कारखान्यात ती कधी गेली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "उद्या येजो."

लोटूने कानांवरचे हात काढले. त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, फरशीकडे होतं. त्याच्या मुठीतले दोन दाणे पोत्याशेजारी सांडले होते. त्याने ते वेचले, फुंकले, आणि काका मांडीवर धरून बसले होते त्या टोपलीत टाकले.

"आते पुरं," तो म्हणाला, आणि आपल्या जागी जाऊन बसला.