मायाप्पाचा पुकारा

बोरकोटच्या देशमुखांची गढी १९३१ साली नगरपालिकेची कचेरी झाली, तेव्हा ताब्यात घेतलेल्या गोष्टींची यादी झाली: तबेला एक, विहीर एक, तोफ फुटकी एक आणि मायाप्पा. तीन पिढ्या देवडीवर बसलेल्या घराण्यातला माणूस. त्याला यादीत आपलं नाव शेवटी आल्याचंच वाईट वाटलं.

गढीचा रिवाज कडक. आपणहून कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मायाप्पा आलेल्याचं नाव-गाव पुकारणार, मगच माणूस जोडे काढून आत जाणार. आवाजाबद्दल मायाप्पा विनयशील होता. तो म्हणायचा, चार कोसांवरच्या वैरागच्या बाजारापर्यंत जातो. त्याच्या पुढं आपणच पाठवत नाही.

नवे अध्यक्ष चनबसप्पा अण्णा सुताचे व्यापारी आणि सुधारक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ही आता लोकांची कचेरी, पुकारा बंद. मायाप्पाला एक स्टूल देऊन गप्प बसवलं.

महिनाभर एकही माणूस तक्रार घेऊन आला नाही. अण्णांनी सभेत जाहीर केलं की गाव सुखी आहे. मग सुखी गावाला दारवान कशाला? येत्या एक तारखेपासून मायाप्पाला कायमची रजा, असा कागद निघाला. कारकून सिदूनं तो वाचून दाखवताना मान वर केली नाही.

मायाप्पा मात्र घाबरला नाही. कारण स्टुलावरून त्याला रोज दिसत होतं: लोक उंबऱ्यापर्यंत येत, दाराला हात जोडत, ताटकळत आणि निघून जात. भाजीवाली नागव्वा तर पाच वेळा आली. तिच्या घरात गटार शिरत होतं. आत का जात नाहीस म्हणून त्यानं विचारलं, तर तीच उखडली.

“न पुकारता जाऊ? मी काय चोर हाय व्हय रं?”

महिनाअखेरीला बाजाराचा दिवस आला. मायाप्पानं फेटा बांधला, स्टूल भिंतीला सरकवलं आणि छाती भरून घेतली.

“नागव्वा भाजीवाली, कोष्टी गल्ली, हाऽजीऽर!”

नागव्वा वहाणा काढून ताठ मानेनं आत गेली. मग दुसरा, तिसरा, बाजारातून धावत आलेला तेरावा. दुपारपर्यंत अण्णांच्या खोलीत गटारं, विझलेले दिवे, मोकाट वळू आणि आटलेले नळ यांची एकच गर्दी उसळली. सुखी गाव टेबलावर चढायचं तेवढं बाकी होतं. त्या कोंडाळ्यातून अण्णांचा हात कसाबसा वर आला.

“मायाप्पा, अरे बास की! यांना भायेर कोण काढणार आता?”

“काढतो की,” मायाप्पा दारातून म्हणाला. “पण अण्णा, आत घ्यायचा पुकारा येगळा, भायेर काढायचा येगळा. दोनीबी मलाच येत्यात. आन् मला तर उद्यापासनं रजा हाय.”

सिदूनं कागद पुढं केला. अण्णांनी तो नागव्वाच्या डोक्यावरून हात लांबवून फाडला. नागव्वा म्हणाली, फाडा बापा, पण आधी माझं गटार लिवा. अण्णांनी ते लिहिलं.

मग मायाप्पानं कचेरी बरखास्त झाल्याचं पुकारलं, आणि अण्णासुद्धा गढीच्या जुन्या सवयीनं उठून बाहेर आले.