मलेरियाबायचा राग

मलेरियाबाय चिडली की तिचा आवाज खाली यायचा. इतका, की समोरच्याला पुढे झुकून स्वतःवरचा राग ऐकून घ्यावा लागे. ती नार्वे गावची. आमच्या सुर्ल्यात घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधायची, त्यांचं रक्त तपासायची. नोकरी कंत्राटी. तिला खरं नाव होतं, पण आम्ही राहायचो त्या खाणकामगारांच्या खोल्यांत ते कुणी वापरलं नाही.

गोळ्या हातात ठेवून ती कधी निघून गेली नाही. "माझ्यासमोर गीळ, आता तोंड उघड," म्हणायची. खाणीवर ट्रक चालवणारा माझा आडदांड नवराही तिच्यापुढे मुकाट्याने आ करायचा.

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना मला मलेरिया झाला. बायने क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "ह्या गोळ्यांनी बाळाक काय एक होवचा नाय. पाजीत रव." पण सासूबाईंना ते पटलं नाही. त्या मला शहरातल्या खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. त्याने मान वर न करता सांगितलं, "एवढं कडक औषध दुधात उतरतं. अंगावरचं बंद करा, डब्याचं द्या."

मी ऐकलं. छाती दगडासारखी झाली तरी दूध न्हाणीत पिळून टाकलं आणि टँकरच्या पाण्यात पावडर कालवून पोरीला बाटली दिली. चौथ्या दिवशी बाय आली, तेव्हा पोरीला पाण्यासारखे जुलाब होत होते. डोळे खोल गेले होते, रडायचं बळही नव्हतं. बायने बाटली हुंगली.

"कोणी सांगल्यान तुका?"

मी सांगितलं. तिने पोर माझ्या छातीशी लावलं आणि आम्हाला रिक्षात घातलं. "वाटभर पाजीत रव," एवढंच बोलली. आरोग्य केंद्रात सलाईन लागलं. बाकावर बसल्यावर तिने सांगितलं, की तिच्या धाकट्या बहिणीलाही असंच कुणीतरी दूध तोडायला लावलं होतं. "तिचा बाळ मलेरियान नाय मेला. बाटलीन मेला."

घरी सोडताना कुणीतरी मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून माझ्या हातात चौदा दिवसांच्या वेगळ्या गोळ्यांची पुडी दिली. प्रायमाक्विन. बायने ती काढून घेतली. ज्यांच्या रक्तात एक विशिष्ट कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी ह्या गोळीने फुटतात. त्यामुळे बाळ मोठं होऊन दोघींची तपासणी होईपर्यंत ही नको, असं तिने तिथल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं. म्हणाली, "भियाचा थय, अशा गोळ्यांक, कोण भियेत नाय, आणि नको थय दूध तोडतत."

पोर सावरल्यावर ती आम्हाला घेऊन त्या खाजगी डॉक्टरकडे गेली. दवाखाना भरलेला होता.

"दूध बंद करूक खंयच्या पुस्तकात लिवलाहा, माका दाखवा."

"तू साधी सेविका आहेस."

"म्हणानच मी घराघरात जातंय. मेलेला पोर तुमका दिसना नाय. माका दिसता."

त्याने बायविरुद्ध वर तक्रार केली. चौकशीला आरोग्य खात्याचे साहेब आमच्या खोलीवर आले. ड्रायव्हरांना तंदुरुस्तीचे दाखले तोच डॉक्टर देत असे, म्हणून नवऱ्याने मला गप्प राहायला सांगितलं. दूध बंद करायला कुणी सांगितलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "आठवत नाही." पोर माझ्या मांडीवर दूध पीत होतं. बायचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

वर्षभराने मी नार्व्याला गेले. ती मिरचीच्या वाफ्यात होती. मी माफी मागितली. ती हात न थांबवता म्हणाली, "माका सांगून काय उपयोग? सुर्ल्यात आता बाळंतिणींका कोण सांगता?"

कुणीच नव्हतं. म्हणून आता मी सांगते. त्या डॉक्टरच्या दाराशी अजून रांग असते. कडेवर तान्हं आणि अंगात ताप असलेली बाई दिसली की मी तिला दूध तोडू नको म्हणते, आणि तिला घेऊन आरोग्य केंद्रात जाते. त्याने मला दोनदा हाकललं. दुसऱ्या वेळी विचारलं, तुला कुणी पाठवलं. मी बायचं पूर्ण नाव सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.