एकाच समीकरणाची दोन उत्तरं

रशीदा शेखचा स्वभाव संशयी होता. दूधवाल्याने माप ओतलं की ती भांडं हलवून बघायची. रेडिओने वेळ सांगितली तरी शेजारच्या घड्याळाकडे नजर टाकायची. घोरपडे पेठेतल्या बायका त्यावरून हसत. पण शुक्रवार पेठेतल्या आप्पासाहेबांच्या छापखान्यात छपाईआधीची कच्ची मुद्रितं तपासायची नोकरी तिला मिळाली आणि टिकली, ती याच स्वभावामुळे. मजकूर कुणाचाही असो, आधी तो चुकलाय असं धरूनच ती वाचायला बसायची.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात छापखान्यात श्यामसुंदर सरांचं बीजगणित आलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक, सर नावाजलेले प्राध्यापक. त्यांचं शाळेचं बीजगणितही इथेच छापलेलं, रशीदानेच तपासलेलं. नव्या पुस्तकाचं एक मधलंच प्रकरण आधी जुळवून झालं होतं. ते वाचताना ती एका समीकरणापाशी अडली.

क्ष² − ४क्ष + १३ = ०

हे आपण पाहिलंय, असं तिला वाटलं. तिने फळीवरून शाळेचं पुस्तक काढलं. तेच समीकरण होतं. खाली छापलेलं होतं, 'या समीकरणाला उत्तर नाही.' आणि समोरच्या मुद्रितात उत्तर होतं, एक सोडून दोन: २ + ३i आणि २ − ३i.

शाळेत तीही हेच शिकली होती. सूत्र घालायचं; वर्गमुळाखाली उणे संख्या आली की थांबायचं आणि 'उत्तर नाही' लिहायचं. इथे वर्गमुळाखाली उणे छत्तीस येत होते. कुठलीही संख्या त्याच संख्येने गुणली तर उणे येत नाही, मग उणे छत्तीसचं वर्गमूळ आणायचं कुठून? आणि मधेच हे रोमन अक्षर कसलं?

ती अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या बजरंगकडे गेली. हा धायरीहून सायकलने यायचा.

"बजरंग, हे अक्षर तुम्ही चुकून घातलंत का?"

"न्हाई बाई. मूळ कागदावर असंच हाय. बघा की."

खरंच तसंच होतं, सरांच्याच अक्षरात. रशीदाचा संशय आणखी वाढला. एक पुस्तक सरांनी लिहिलेलंच नसावं, किंवा दुसरं कुठून तरी उतरवलेलं असावं. तिने समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, 'शालेय पुस्तक, पृष्ठ ८८ पाहावे. कोणते खरे?'

आप्पासाहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "रशीदाबाई, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ बघायचं असतं. गणित बघायला सरांना विद्यापीठाने ठेवलंय."

"मग सरांनाच दाखवा."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

आपल्या मागे कुणी दुसरा लेखक लागलाय, असं त्यांना वाटलं होतं. रशीदाने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. "कुणी कशाला सांगायला हवं? दोन्हीवर आपलंच नाव आहे."

सर जरा ओशाळले आणि बसले. "हे बघा बाई, ज्या संख्येचा वर्ग उणे एक, अशी एक संख्या मानायची. तिचं नाव i. आधीच्या प्रकरणात ते समजावलंय, ते अजून जुळवायचंय."

"मानायची म्हणजे? आहे की नाही?"

"मोजपट्टीवर नाही. पण तिच्याशी बेरीज-गुणाकार होतात."

"आणि ज्यांनी आजवर 'उत्तर नाही' लिहून गुण घेतले, ते?"

"त्यांनाही बरोबरच म्हणायचं," एवढं बोलून सर निघून गेले.

रशीदाला हे मुळीच पटलं नाही. नसलेली वस्तू मानली की कुठल्याही प्रश्नाला उत्तर काढता येईल, ही तर उघड पळवाट. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला आणि रद्दी मुद्रिताच्या पाठीवर क्षच्या जागी २ + ३i घातलं. वर्ग केला. i आला तिथे पुढे गेली, i चा वर्ग आला तिथे उणे एक लिहिलं. उणे पाच अधिक १२i. त्यातून २ + ३i ची चौपट वजा केली, तेरा मिळवले. बारा i बारा i ला खाऊन गेले, बाकीचे आकडेही एकमेकांत विरले. शून्य.

तिने पुन्हा केलं. दुसरं उत्तर घातलं, तरी शून्यच. नसलेली संख्या इतकी सरळ कशी वागते?

मग तिने हट्टाने प्रकरणाअखेरच्या उत्तरांशी एकेक समीकरण ताडायला घेतलं. तीन दिवस तिची जेवणाची सुट्टी त्यातच गेली. चौदावं होतं क्ष² + २क्ष + ५ = ०, उत्तर −१ ± ४i. हे काही केल्या शून्य होईना. दर वेळी उणे बारा उरत. तिने सूत्र घालून पाहिलं. शेवटी दोनाने भागताना सरांनी फक्त पहिला आकडा भागला होता, i चा तसाच सोडला होता. हवं होतं −१ ± २i. बजरंगने मूळ कागद आणला. चूक तिथेच होती.

सर पुन्हा आले. या वेळी त्यांनी बसून पान वाचलं, खिशातलं पेन काढलं, तिच्यासमोर गुणाकार केला.

"दुरुस्त करा," सर म्हणाले.

"आणि शाळेचं पुस्तक?"

"त्यात काय चुकलंय?"

"'उत्तर नाही' असं आपण मुलांना सांगता. 'वास्तव संख्यांत उत्तर नाही' असं हवं. मला शाळेत कुणी हे दोन शब्द जादा सांगितले असते, तर मी पुढचं विचारलं असतं."

आप्पासाहेब खोकले. सरांनी मात्र मान हलवली, आणि शाळेच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ते शब्द आले. प्रस्तावनेत आभार आप्पासाहेबांचे होते. रशीदाने ती प्रस्तावना ओळ न् ओळ तपासली, तिच्यात एक अनुस्वार राहिला होता, तो घातला.

दोन वर्षांनी सरांच्या नव्या पुस्तकाचे कागद आले. उत्तरांची पानं कोरी होती. वर चिठ्ठी, 'ही गणितं आधी रशीदाबाईंनी सोडवावीत. नंतर माझ्या उत्तरांशी ताडून पाहू.'

"सरांना स्वतःला येत नसणार," ती बजरंगला म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.