राजदंडामागे धावणारा माणूस

सभागृहात कडुबा साळव्यांची जागा ठरलेली. महापौरांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, राजदंडाच्या लाकडी स्टँडपासून हातभर अंतरावर. हुद्दा शिपायाचा, पण स्वतःला ते राखणदार म्हणवून घेतात, आणि ते ऐकून आजवर कुणी हसलेलं नाही.

राजदंड म्हणजे शिसवी लाकडाचा दांडा आणि वर पितळी मूठ. त्याला पॉलिश ते छावणीच्या बाजारातूनच आणतात, कारण फौजी लोकांना पितळ कसं चमकवायचं ते कळतं, असं त्यांचं ठाम मत आहे. आता एवढ्या जड दांड्याचा महापालिकेत उपयोग काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच: तो पळवायला बरा पडतो. एखादा ठराव होऊ द्यायचा नाही आणि तो अडवण्याएवढे हात आपल्या बाजूला नाहीत, असं झालं की आपल्याकडचा नगरसेवक काय करतो? उठतो, पुढं धावतो, राजदंड उचलतो आणि दाराबाहेर पसार होतो. राजदंड जागेवर नाही म्हणजे सभा चालू शकत नाही, हे सगळ्यांनी लहानपणीच शिकल्यासारखं गृहीत धरलेलं. मग आरडाओरडा, बाकं वाजवणं, सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढं राजदंड घेतलेला नगरसेवक आणि मागं, थोडे हललेले, कडुबाकाका.

तीस वर्षांत चौदा वेळा राजदंड पळाला आणि चौदाही वेळा कडुबाकाका मागं पळाले. त्यात त्यांची एक शिस्त होती. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाच्या अंगाला शिपायानं हात लावायचा नाही. दोन पावलं मागं राहून पळायचं आणि तोंडानं बजावत जायचं, "जपून साहेब, जिन्याची तिसरी पायरी निसटती हाय." एकदा त्यांनी राजदंड कँटीनच्या पिठाच्या डब्यातून काढला, एकदा रिक्षाच्या सीटमागून. एका महाशयांना तर तो कुठं ठेवला तेच आठवेना, तेव्हा काकांनीच त्यांना चहा पाजून आठवण करून दिली. पक्ष बघून ते कधी हळू पळाले नाहीत की जोरात पळाले नाहीत. याचा त्यांना लई अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

मग सभागृहच बंद पडलं. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि जवळजवळ सहा वर्षं त्या बाकांवर फक्त धूळ बसली. दुसरा कुणी असता तर झोपा काढल्या असत्या. कडुबाकाका मूळचे पाचोडचे, दहावीपर्यंत शिकलेले. आणि बाबासाहेबांचा फोटो घरात लावणाऱ्या बापानं त्यांना एकच गोष्ट बजावली होती, की कागद दिसला की वाचायचा, आपल्याला तो कुणी सुखासुखी हाती दिलेला नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा राजदंड घासायचा आणि उरलेल्या वेळात कपाटातली सभाकामकाजाची नियमावली वाचायची, असा त्यांनी नेम धरला. मराठी असलं तरी ते सरकारी मराठी, चार-चारदा वाचल्याशिवाय उलगडायचं नाही. काकांकडं वेळ होता. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन वेळा वाचली.

यंदा निवडणूक झाली, नवे नगरसेवक आले, सुलेखाताई महापौर झाल्या, आणि मार्चच्या सभेत विषय आला नागरी सुरक्षेच्या अनुदानाचा. सरकारकडून मिळणाऱ्या त्या निधीत रस्त्यावरचे दिवे होते, चौकांतले कॅमेरे होते, आणि चार छोटे बंब होते. अरुंद गल्लीत शिरतील असे आगीचे बंब. अट एवढीच की सभेचा ठराव महिनाअखेरीच्या आत वर गेला पाहिजे. नाही गेला तर निधी परत. आणि पुढची सभा एप्रिलात.

हा विषय वाचला आणि कडुबाकाका कपाटाला टेकून बसले. नऊ वर्षांपूर्वी उस्मानपुऱ्यात त्यांच्याच गल्लीत मोतीरामचं घर पेटलं होतं. मोतीराम गाद्या भरायचा, घरभर कापूस. त्याची बायको मनकर्णाबाई बाजारात गेली होती, तो आत एकटा होता. बंब वेळेत आला, त्यात कुणाचा दोष नाही. पण गल्लीच्या तोंडाशी तो एवढा मोठा बंब मावेना. जवानांनी पाईप ओढत आणला, तोवर फार उशीर झाला होता. मोतीराम हा कडुबाकाकांचा पाचोडपासूनचा दोस्त. त्या दिवसाविषयी ते घरातही बोलत नाहीत, आणि केसरबाई, त्यांची बायको, त्यांना विचारत नाही.

म्हणून या ठरावात त्यांचा जीव अडकला होता. आणि तो अडवणाऱ्याचं नावही सभेच्या आदल्या दिवशीच कँटीनमध्ये फुटलं होतं. नगरसेवक इंद्रजीतभाऊ. वय बत्तीस, पहिलीच टर्म, माणूस मनानं वाईट नाही, पण चारपैकी एकही बंब आपल्या वॉर्डात उभा राहणार नाही म्हटल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच्या वॉर्डातले रस्ते एवढे रुंद की तिथं दोन मोठे बंब शेजारी शेजारी जातील, हे त्याला सांगणार कोण? त्यानं चहा पितापिताच जाहीर करून टाकलं, "उद्या राजदंडच उचलतो. बघू कसा ठराव करतेत."

कडुबाकाका कप गोळा करत होते. त्यांनी ऐकलं आणि तडक नगरसचिवांचं दार गाठलं. नगरसचिव सायली मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या, कामाला वाघीण.

"मॅडम, एक विचारू का? राजदंड नसला तर सभा बंद, हे कुठल्या नियमात लिहिलंय?"

"असेल की कुठंतरी. का हो?"

"नाय मॅडम. म्या तीन बार वाचलं. कुठंच नाय."

मॅडम हसल्या. मग त्यांनी नियमावली काढली, मग कायद्याचं पुस्तक काढलं, आणि अर्ध्या तासानं त्यांचं हसू पार गेलं होतं. एवढ्या वर्षांत एकाही शहाण्यानं उघडून पाहिलं नव्हतं! त्या तशाच उठून महापौरांकडं गेल्या. थोड्या वेळानं काकांना आत बोलावणं आलं.

"काका, नियम नाही हे पटलं मला," सुलेखाताई म्हणाल्या, "पण राजदंड गेला की सगळे उठून दाराकडं पळतात. समोर रिकामी बाकं असली तर मी ठराव कुणापुढं मांडू?"

त्या संध्याकाळी उस्मानपुऱ्यापर्यंत सायकल मारताना काकांनी त्याचाच विचार केला. सगळे पळतात ते कुणाच्या मागं? नगरसेवक पळतो, त्याच्या मागं पहिला माणूस मीच पळतो. मी पळालो की फोटोवाले पळतात, फोटोवाले पळाले की उरलेले. चौदा वेळा सभा राजदंडानं मोडली नव्हती, आपल्या पायांनी मोडली होती. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी सायकल बाजूला घेऊन थांबवली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो विषय पुकारला गेला. सायली मॅडमनी ठराव वाचायला घेतला. चार ओळी झाल्या नसतील, तोच इंद्रजीतभाऊ बाकावरून उठला, कुर्त्याच्या बाह्या सरसावल्या, तिरासारखा पुढं आला आणि राजदंड उचलून दाराबाहेर गेला. फोटोवाल्यांनी कॅमेरे उचलले. बाकं करकरली. शंभराच्या आसपास माणसांनी सवयीनं कडुबाकाकांकडं बघितलं.

कडुबाकाका हलले नाहीत.

हात मागं बांधून, रिकाम्या स्टँडपासून हातभर अंतरावर, राजदंड जागेवरच असल्यासारखे ते ताठ उभे राहिले. कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी पुसला नाही. पुढच्या बाकावरचे दोघं अर्धे उठले होते, ते एकमेकांकडं बघत परत बसले. फोटोवाल्यांना कळेना फोटो कशाचा काढायचा. आणि त्या शांततेत सुलेखाताईंचा आवाज आला, "सचिव, पुढं वाचा."

ठराव वाचून झाला. मागून कुणीतरी मतदान मागितलं. "जे बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत," महापौर म्हणाल्या, आणि सायली मॅडम एकेका बाकाजवळ जाऊन मोजू लागल्या.

त्याच वेळी दारात इंद्रजीतभाऊ उभा राहिला. छातीशी राजदंड, दम लागलेला. मागं कुणी आलंच नाही म्हणून तो स्वतःच परतला होता. आत बघतो तर हात वर झालेले, मोजणी चाललेली, आणि त्याच्या वॉर्डाचं नाव कुठंच नाही. उद्या लोक विचारणार, सुरक्षेच्या ठरावाला तू कुठं होतास? जिन्यात, असं थोडंच सांगता येतं! हात वर करावा तर दोन्ही हातांत ते धूड. तो क्षणभर घुटमळला. मग मान खाली घालून चालत आला, राजदंड स्टँडवर ठेवला आणि उजवा हात वर केला.

कडुबाकाकांनी मूठ समोरच्या बाजूला वळवली, दांडा सरळ केला. "अडुसष्ट," सायली मॅडम म्हणाल्या, आणि इंद्रजीतभाऊकडं बघून, "एकोणसत्तर." ठराव बहुमतानं मंजूर झाला.

सभा संपल्यावर काकांनी आधी मनकर्णाबाईंना फोन लावला. "वहिनी, बंब मंजूर झाला." त्या म्हणाल्या, "गल्लीत दिसला की मंग खरं मानीन, भावजी," आणि मग बराच वेळ फोन ठेवेचनात.

काका फोन खिशात ठेवून वळले तर मागं इंद्रजीतभाऊ. खजील झाला होता, तरी हसत होता.

"काका, तुमी मागं आलाच नाय राव. पार खालपर्यंत पळालो, वळून बघतो तर कुणीच नाय. तुमी तर सगळ्यांच्या मागं पळता म्हणे."

"पळतो भाऊ. तीस वर्सं पळालो, अन् परत्येक बार राजदंड घेऊनच आलो." काकांनी सभागृहाच्या दाराला कुलूप घातलं. "माझा दोस्त आत जळत व्हता, तव्हाबी पळालो. नळावरून घागर भरायची अन् पळायचं. अकरा खेपा केल्या. लई पळालो, भाऊ. पर त्याच्यापर्यंत नाय पोचलो."